दोष गोठ्याचा नव्हता

"तात्या, गोठ्यात गेला होतात ना? खरं सांगा."

आमचे सर्जन विचारत होते. तात्या तपासणीच्या टेबलावर आडवे होते आणि मी त्यांच्या जांघेवरची पट्टी सोडवत होते.

"न्हाय सायेब. धा दिस झालं, पलंग सोडला न्हाय. गोठ्याचं समदं सूनच बघती."

"मग सुनेनंच तसल्या हातानं पट्टीला हात लावला असणार. इतकं सांगून पाठवतो, तरी तुमच्या गावाकडची घाण काही सुटत नाही."

सून, सुरेखा तिचं नाव, दाराशी उभी होती. तिनं मान खाली घातली. तात्या छताकडं बघत राहिले. पासष्ट-सत्तरीचा माणूस, लोणी भापकरचा, आयुष्यात पहिल्यांदा ऑपरेशन झालेलं. उलट बोलायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी पट्टीचा शेवटचा थर काढला. गॉज ओलं होतं आणि त्यावर हिरवट डाग होता. एक गोडसर, उबट वास आला. तो वास मी सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतक्या वेळा घेतला आहे, की रिपोर्ट यायच्या आधी मला जंतूचं नाव सांगता येतं. स्यूडोमोनास. हा जंतू ओलाव्यात राहतो. नळाच्या तोंडाशी, सिंकमध्ये, ओल्या फटीत. त्याला कोरडी जागा आवडत नाही.

"लिहा सिस्टर," सर म्हणाले. "पुअर हायजीन ॲट होम."

"सर, आधी कल्चर पाठवू," मी म्हणाले. कल्चर म्हणजे जखमेतला पू लॅबला पाठवून त्यात कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधानं मरतो, हे बघणं.

"पाठवा. पण लिहायचं ते लिहा."

मी लिहिलं नाही. पेन हातात तसंच राहिलं. मी बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरची इन-चार्ज सिस्टर आहे. हॉस्पिटलचं नाव इथं सांगत नाही, सरांचंही नाही. सर वाईट माणूस नाहीत. त्यांच्या हातात खरंच कला आहे. पण 'गावाकडची घाण' हे शब्द त्यांच्या तोंडून इतके सहज आले, की माझी कानशिलं तापली. आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला तो माझ्या आजोबांच्या वेळी. त्याआधीच्या पिढ्यांना हा शब्द रोज ऐकावा लागला होता. आजी सांगायची, घर दोनदा सारवायचं, भांडी तीनदा घासायची, तरी पाण्याला गेलं की लोक तेच म्हणायचे. मी नर्स झाले तेव्हा तिनं माझे हात हातात घेऊन उलटेसुलटे करून बघितले होते. तर घाण कुणाची, हे न तपासता कुणी ठरवलं की मला राग येतो. त्या दिवशीही आला.

पण तो राग मला बोलून दाखवता येईना. कारण मला एक गोष्ट माहीत होती, जी सरांना माहीत नव्हती.

ती सांगण्यासाठी थोडं मागं जाते.

माझी मुलगी सोलापूरला असते. तिच्या बाळंतपणासाठी मी महिनाभर रजेवर होते. परत आले तर थिएटरच्या बाहेर गोल दिवा लावलेला. लग्नात फोटोवाले लावतात तसला. आमचा मॅनेजर अभिजित, पुण्याहून शिकून आलेला, चटपटीत मुलगा. त्यानं हॉस्पिटलचे रील काढायला सुरुवात केली होती. 'चला, बघूया आमचं थिएटर' वगैरे. आणि त्यासाठी त्यानं निवडली होती पल्लवीला.

पल्लवी कोऱ्हाळे बुद्रुकची. घरी ऊस, वडील कारखान्याचे सभासद, घरातली पहिली नर्स तीच. वय तेवीस. हुशार, हात हलका, बोलायला गोड. दीड वर्षात मी तिला स्क्रब नर्स म्हणून तयार केलं होतं. स्क्रब नर्स म्हणजे ऑपरेशनच्या वेळी कोपरापर्यंत हात घासून धुऊन, निर्जंतुक गाऊन-हातमोजे घालून सर्जनच्या समोर उभी राहते ती. हत्यारं, धागा, जाळी, सगळं तिच्या हातून सर्जनच्या हातात जातं. दुसरी एक सिस्टर बाहेरचं बघते. लागेल ते आणून द्यायचं, पाकीट उघडायचं, पण निर्जंतुक कशालाच हात लावायचा नाही.

पल्लवी मला बघून धावत आली आणि मिठी मारली. मला तिच्या बोटांची टोकं पाठीत टोचली.

"हात दाखव," मी म्हणाले.

दहाही बोटांना चिकटवलेली नखं. फिकट गुलाबी, टोकाला निमुळती, अनामिकेवर बारीक खडे.

"हे काय आहे?"

"मॅडम, अभिजितसरांनी करायला लावली. कॅमेऱ्यात हात फार दिसतात म्हणाले. बारामतीला जाऊन केली."

"आणि ह्या हातांनी तू स्क्रब केलंस?"

"हातमोजे असतात ना मॅडम. सर पण काही बोलले नाहीत."

वाचणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडेल, म्हणून सांगते. हातमोजा म्हणजे भिंत नव्हे. लांब ऑपरेशनात त्याला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. टोकदार नखानं तर लवकरच. आणि चिकटवलेल्या नखाखाली ब्रश पोचत नाही, औषध पोचत नाही. नख जरा उचकटलं की आत फट तयार होते. त्या फटीत पाणी शिरतं, आणि वरून हातमोज्याची ऊब. जंतूला अजून काय हवं? हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात. पल्लवीला येत होतं. सरांनाही येत होतं. फक्त कुणी बघितलं नव्हतं.

मी तडक अभिजितच्या केबिनमध्ये गेले.

"नखं आज निघाली पाहिजेत."

"मॅडम, शुक्रवारी शेवटचं शूट आहे. फक्त शुक्रवारपर्यंत."

"तोपर्यंत ती स्क्रब करणार नाही."

"डन. तुम्ही म्हणाल तसं."

मी तिला बाहेरच्या कामाला लावलं. शुक्रवार आला आणि गेला. शूट पुढच्या शुक्रवारवर गेलं. मी पुन्हा बोलले, पुन्हा तेच उत्तर. नखं तशीच.

आणि मग बुधवार आला. त्या दिवशी दुसरी स्क्रब नर्स तापानं फणफणली होती. यादीत एक हर्निया होता आणि ऐन वेळी सिझरची इमर्जन्सी आली. सिझर मी स्वतः घेतलं. हर्नियाला माणूस नव्हतं. सर म्हणाले, "पेशंट सकाळपासून उपाशी आहे, पल्लवीला घ्या ना." मी पल्लवीकडं बघितलं आणि म्हणाले, "डबल ग्लोव्ह घाल."

तो हर्निया तात्यांचा होता.

आता पुन्हा त्या टेबलापाशी येते. तात्यांना हर्नियासाठी पोटात जाळी बसवली होती. सैल पडलेल्या भिंतीला आतून ठिगळ लावतात तशी. वरच्या कातडीला पू झाला तर निभावतो. जाळीपर्यंत जंतू पोचला तर तो जाळीच्या प्रत्येक छिद्रात बसतो, आणि मग औषध चालत नाही, जाळी काढावी लागते. म्हणजे पुन्हा ऑपरेशन.

पट्टी करून मी सरळ थिएटरमध्ये गेले आणि रजिस्टर काढलं. प्रत्येक ऑपरेशनसमोर सर्जन, भूलतज्ज्ञ आणि स्क्रब नर्सचं नाव लिहिलेलं असतं. मी रजेवर असतानाची पानं उलटली आणि पट्ट्यांना येणाऱ्यांशी नावं ताडून बघितली. त्या महिन्यात झालेल्या एका सिझरच्या बाईला पू झाला होता. ती मोरगावची. तिला सांगितलं होतं, बाळंतिणीची खोली कोंदट असते, म्हणून झालं. ती पट्ट्यांवरच बरी होत आली होती. दुसरे इंदापूरचे एक गुरुजी, हर्नियाचेच. त्यांची जखम अजून वाहत होती. गुरुजी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. गोठा नाही, म्हैस नाही, गॅलरीत तुळस तेवढी. त्यांना कुणी गोठ्याचं विचारलं नव्हतं. त्यांना सर म्हणाले होते, "कधी कधी होतं असं गुरुजी, शरीराची प्रकृती."

तीन पेशंट. तिघांच्या ओळीत स्क्रब नर्स एकच.

पल्लवी कपडे बदलायच्या खोलीत होती. मी दार लावलं.

"बस. हात दे."

उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख मुळाशी उचकटलं होतं. कडेनं एक बारीक फट. वरून गुलाबी पॉलिशचा जाड थर, बाकीच्या नखांपेक्षा गडद.

"इथं वेगळा रंग का?"

तिनं बोट मुठीत लपवलं. मग रडायला लागली. "मॅडम, आत पाणी शिरायचं. मग हिरवं दिसायला लागलं. मला वाटलं, कसला तरी डाग आहे. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून वरनं पॉलिश मारलं."

"कधी?"

"तुम्ही यायच्या आधीच."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण हे नख मीही रोज बघत होते. बुधवारी 'डबल ग्लोव्ह घाल' म्हणाले तेव्हा तिचा हात माझ्यापासून वीतभर लांब होता.

"काढू नकोस अजून," मी म्हणाले. "आधी स्वॅब घेऊ."

स्वॅब म्हणजे कापसाची काडी. फटीतून फिरवायची आणि लॅबला पाठवायची. मी अभिजितला सांगितलं. तो खुर्चीतून उठलाच.

"मॅडम, अजिबात नको. रिपोर्ट आला की कागदावर आलं. कागदावर आलं की गेलंच. नखं काढा, विषय संपवा."

"आणि ते तिघं?"

"त्यांची ट्रीटमेंट चालू आहे ना? आणि खरं सांगा, ह्या लोकांच्या घरी काय परिस्थिती असते तुम्हाला माहीत नाही का?"

"मला चांगलं माहीत आहे," मी म्हणाले. "मी ह्या लोकांतलीच आहे."

रजिस्टर काखेत घेऊन मी सरांकडं गेले. टेबलावर उघडून ठेवलं आणि तीन ओळींवर बोट ठेवलं. मग पल्लवीच्या नखाचं सांगितलं. मग बुधवारचंही सांगितलं, की मला माहीत होतं आणि मीच तिला उभं केलं. सरांनी तिन्ही ओळी पुन्हा वाचल्या. त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता माझ्यावर तुटून पडणार.

"ती माझ्या समोर उभी होती," ते म्हणाले. "दीड फुटावर. मी बघितलंच नाही."

त्यांनी लॅबच्या फॉर्मवर सही केली. गुरुजींच्या जखमेचा आणि नखाचा स्वॅब, सिंकचा, नळाचा, हात धुवायच्या औषधाचा, थिएटरमधल्या टेबलाचा, सगळे एकदम गेले. नखं त्याच दिवशी काढली. खालचं बोट ओलसर, पांढरं पडलेलं होतं.

चार दिवसांनी रिपोर्ट आले. सिंक स्वच्छ. नळ स्वच्छ. हात धुवायचं औषध, टेबल स्वच्छ. तात्यांच्या जखमेत स्यूडोमोनास, गुरुजींच्या जखमेत स्यूडोमोनास, नखाच्या फटीत स्यूडोमोनास. तिन्हींची औषधांची यादी सारखी, म्हणजे एकाला जी औषधं लागू पडतात तीच बाकी दोघांना. कोर्टात हा पुरावा पुरेल की नाही, मला सांगता येणार नाही. मला पुरला.

दुसऱ्या दिवशी अभिजितनं मला बोलावलं. टेबलावर टाइप केलेलं पत्र. पल्लवीला कामातल्या निष्काळजीपणाबद्दल कमी करण्यात येत आहे. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव, सहीसाठी जागा.

"सही करा मॅडम. मॅनेजमेंटला कारवाई दिसली पाहिजे."

मी पत्र दोनदा वाचलं. त्यात रीलचा उल्लेख नव्हता. दिव्याचा नव्हता. शुक्रवारांचा नव्हता.

"अभिजित, नखं कुणी करायला लावली?"

"मी सजेस्ट केलं होतं. तिनं नाही म्हणायचं ना. ती नर्स आहे, मी नाही."

माझा आवाज चढला. बाहेर काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली, हे मला नंतर कळलं. "तेवीस वर्षांच्या मुलीनं मॅनेजरला नाही म्हणायचं? मी, सव्वीस वर्षं नोकरी झालेली बाई, सर्जनला नाही म्हणू शकले नाही, आणि तिनं तुम्हाला म्हणायचं? आधी म्हातारा घाणेरडा होता. मग त्याची सून घाणेरडी. आता ही पोरगी. तुमचा नंबर कधी लागणार?"

"मॅडम, तुम्ही पर्सनल होताय."

"होतेय."

मी सही केली नाही. पल्लवीनं मला तिच्या फोनवरचा त्याचा मेसेज दाखवला होता: उद्या शूट, नेल्स करून ये, प्लेन नको. मी कोरा कागद घेतला आणि माझा स्वतःचा रिपोर्ट लिहिला. मेसेज जसाच्या तसा उतरवला. दोन वेळा तोंडी सांगूनही नखं निघाली नाहीत, हे लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, की नखं आहेत हे ठाऊक असताना मी त्या सिस्टरला हर्नियाच्या केसला उभं केलं, ही माझी चूक आहे. ते वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. एक प्रत सरांना दिली, एक हॉस्पिटलच्या मालकांना.

सरांनी वाचून विचारलं, "आता काय करायचं म्हणता?"

"तात्यांना सांगायचं."

"सिस्टर, ते केस करतील."

"करू देत. पण त्यांच्या घरी काय चाललंय, तुम्हाला माहीत आहे का?"

मला माहीत होतं. सुरेखानं पट्टीच्या वेळी मला सांगितलं होतं. सासूनं तिला स्वयंपाकघरात यायला बंदी केली होती. तिच्या हाताचं पाणी तात्यांना देत नव्हते. ती रोज फिनेलनं हात धूत होती. कातडी सोलली होती, बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. "डॉक्टरांनीच सांगितलं म्हणल्यावर मी काय बोलू बाई," म्हणाली होती.

सरांनी माझा रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला. सोमवारी तात्या आले तेव्हा त्यांनी स्वतः दार लावलं आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसले.

"तात्या, तुमच्या जखमेला जे झालं, ते तुमच्या घरी झालं नाही. आमच्या थिएटरमध्ये झालं. आमच्या माणसाच्या हाताला जंतू होता. आमची चूक आहे."

तात्यांना पटकन कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"व्हय तात्या," मी म्हणाले. "ऑपरेशनच्या दिवशी मलाही ते माहीत असायला हवं होतं. होतंही."

"म्हंजी गोठ्याचं न्हाय?"

"नाही."

"सुनंचंबी न्हाय?"

"तिचा काही संबंध नाही," सर म्हणाले.

तात्या कोपरावर रेलून उठायला लागले. मी आधार दिला. मला वाटलं, शिवी देतील. ती द्यायचा त्यांना हक्क होता.

"मला सांगून काय उपेग सायेब," ते म्हणाले. "ती भाईर हुबी हाय. तिला आत बलवा. आन् माझी मालकीणबी आलीया, तिलाबी बलवा. जसं तवा तिच्या म्होरं बोलला, तसं आता दोघींच्या म्होरं बोला."

सर उठले. दार उघडून त्यांनी दोघींना आत बोलावलं आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. उभं राहून. सुरेखा ऐकत होती. तिचे हात पदराखाली होते. सासूनं पदर बाजूला करून तिचा एक हात बाहेर काढला, सोललेल्या बोटांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "चल, घरी गेल्यावर तूप लावू." एवढंच. माफीबिफी काही मागितली नाही. सुरेखा मात्र तेव्हा रडली.

तात्यांची जाळी काढावी लागली. दुसरं ऑपरेशन, पुढं अडीच महिने पट्ट्या. हर्निया पुन्हा डोकावतोय, सध्या पट्टा बांधून फिरतात. त्यांनी केस केली नाही. करायला हवी होती, असं मला अजूनही वाटतं. गुरुजींची जखम औषधानं भरली.

पल्लवीला काढलं नाही, पण कुजबुज थांबली नाही. चार महिन्यांनी तिनंच राजीनामा दिला. आता पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये आहे. तिचा फोन आला होता: "मॅडम, इथं पहिल्याच दिवशी रांगेत उभं करून सगळ्यांची नखं बघितली." तिला ते फार आवडलं होतं. अभिजित अजून आमच्याकडंच आहे. रील आता कॅन्टीनमध्ये काढतो. मला मालकांनी लेखी ताकीद दिली, आणि ती रास्त होती. मी ती फाइलला लावून ठेवली आहे.

थिएटरच्या दाराशी आता पाटी आहे. कृत्रिम नखं, नेलपॉलिश, अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, धागे घालून आत येऊ नये. पाटी लावल्यावर तिसऱ्याच दिवशी सर हात धुवायला आले, तर मनगटाला लाल धागा. देवळात बांधून घेतलेला. मी पाटीकडं बोट दाखवलं.

"सिस्टर, हा श्रद्धेचा आहे."

"असू दे सर. बाहेर काढून ठेवा."

पेशंटला भूल दिलेली होती. भूलतज्ज्ञ काचेतून बघत होते. मी नळासमोरून हलले नाही. सरांनी दातानं गाठ सोडवली, धागा कपाळाला लावला आणि कपाटात ठेवून आले. मग हात धुतले, पूर्ण पाच मिनिटं.

तुमच्या घरातलं कुणी ऑपरेशनला जाणार असेल, तर आत नेण्याआधी जी सिस्टर घ्यायला येईल तिची नखं बघा. डॉक्टरांचीही बघा. हात पुढं करायला सांगा. कुणाला राग आला, तर येऊ द्या. आणि घरी गेल्यावर जखमेला पू झाला आणि कुणी तुम्हाला गोठ्याचं विचारलं, तर आधी कल्चर रिपोर्ट मागा.